सुती साडीची गोधडी: भेटीसाठी आणि दानासाठी शिवताना

गोधडीसाठी जुनी साडी आली की आम्ही आधी ती खिडकीच्या उजेडासमोर धरतो. साडीची झीज ठरलेल्या जागी होते: निऱ्यांचा खालचा भाग, बसताना घासणारा मागचा भाग आणि खांद्यावर पिन लागते तिथला पदर. उजेडात हे भाग विरलेले स्पष्ट दिसतात. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणून बघतो. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर तो भाग वरच्या-खालच्या थरात घ्यायचा नाही. अगदीच तुटणारा असेल तर काढून टाकायचा, थोडा तग धरणारा असेल तर मधल्या थरात घालायचा. पूर्वी लुगडं मध्ये विरलं की तेवढा पट्टा कापून, उरलेल्या दोन तुकड्यांना दंड, म्हणजे जोडशिवण, घालून बायका तेच पुन्हा नेसायच्या. गोधडीचा थर तयार करतानाही हेच करायचं, विरलेलं काढून चांगलं चांगल्याला जोडायचं.

आमच्याकडे दोन प्रकारच्या गोधड्या होतात. काही मैत्रिणींच्या लेकी-सुनांच्या बाळंतविड्यासाठी, काही वृद्धाश्रम, मुलांची वसतिगृहं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. शिवण तीच, पण गोधडी कुठे अंथरली जाणार, कोण धुणार आणि कुठे वाळणार हे आधी विचारून घेतलं की कापडापासून टाक्यापर्यंत सगळं बदलतं. दानाची आहे म्हणून उरलंसुरलं कापड चालेल, ही समजूत मनातून काढून टाकायला हवी. मैत्रिणीच्या घरची गोधडी जपून वापरली जाते. दानाची रोज जमिनीवर घासते, कधी दगडावर आपटून धुतली जाते. चांगलं कापड तिलाच आधी लागतं.

कापड निव्वळ सुतीच हवं. पॉलिस्टर मिसळलेली साडी घाम शोषत नाही, थरांमध्ये घसरते आणि सुईखाली सुरकुतते. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा ओढून काडीने जाळून बघावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटात चुरगळणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. रेशमी साडी गोधडीत घालण्याचा मोह होतो, विशेषतः ती कोणाच्या आईची किंवा आजीची असेल तर. पण जुनं रेशीम घडीवर आणि टाक्याच्या भोकांवर चिरतं आणि पहिल्या धुण्यातच उसवतं. अशी साडी वेगळी ठेवावी. आठवण म्हणून गोधडी करायची असेल तर त्याच माणसाची रोजच्या वापरातली सुती साडी मागून घ्यावी, आणि कापण्याआधी पदराचं काय करायचं हे तिच्या घरच्यांना विचारावं. बहुतेकांना पदर वरच्या थरात अखंड दिसायला हवा असतो.

कापूस भरलेल्या दुलईपेक्षा आम्ही थरांचीच गोधडी करतो, याचं कारण धुणं. कापूस भिजला की गोळा होतो, मग पिंजारी शोधावा लागतो. साड्यांचे थर कितीही वेळा धुतले तरी जागचे हलत नाहीत, आणि मुलं किंवा आजारी माणसं असलेल्या घरात अंथरूण धुवावं लागतंच.

आता मापं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. दोन्ही जरीकाठ काढून टाकले की रुंदी ४० इंचांच्या आसपास उरते. काठ काढायचेच, कारण जरीची तार बाळाच्या अंगाला टोचते, सुईला अडते आणि धुऊन काळी पडते. बाळाच्या गोधडीसाठी साडीचे ३८ इंचांचे तुकडे पाडायचे. एका साडीत पाच निघतात. चार थरांना चार लागतात, पाचवा विरलेल्या जागी भर घालायला उरतो. शिवताना कापड आखडतं, त्यामुळे ४० × ३८ इंचांच्या कापडाची तयार गोधडी ३८ × ३६ च्या आसपास भरते. आधीच हव्या त्या मापाचं कापड कापलं तर गोधडी आखूड होते, म्हणून लांबीत आणि रुंदीत दोन-दोन इंच जास्त धरावेत.

मोठ्या माणसासाठी हिशेब वेगळा. ६० इंचांचे तुकडे पाडून दोन-दोन तुकडे काठाच्या बाजूने जोडले की सुमारे ७९ इंच लांबीचा एक थर होतो. एका साडीत असे तीन तुकडे बसतात. म्हणजे तीन थरांना दोन साड्या, चार थरांना तीन साड्या. शिवून झाल्यावर ती सुमारे पावणेपाच फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब मिळते. नऊवारी असेल तर एकीतच असे पाच तुकडे निघतात.

कापड फाडावं की कापावं? मजबूत सुती कापड फाडलं तर आडव्या धाग्यावर अगदी सरळ फाटतं. जुनं कापड मात्र फाडताना भलतीकडे वळतं. तिथे एक आडवा धागा ओढून काढायचा आणि त्याच्या जागी उमटलेल्या रेषेवरून कात्री चालवायची. थर तिरके कापले गेले तर गोधडी धुतल्यावर एका कोपऱ्याकडे ओढली जाते, आणि मग ती कितीही झटकून अंथरली तरी सरळ बसत नाही.

शिवण्याआधी सगळं कापड धुवायचं. जुनी साडी अनेकदा धुतलेली असते, ती आणखी आटत नाही. वरच्या थराला नवं कापड घेतलं तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच घ्यावं. मांजरपाट आणि जाडं सूत जास्तच आटतं. न धुतलेलं नवं कापड जुन्या थरांवर शिवलं तर पहिल्या धुण्यात वरचा थर आटतो, खालचे तसेच राहतात आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. त्या पुन्हा जात नाहीत. रंग तपासायला कापडाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. लाल, मरून, गर्द निळा आणि काळा यांचा रंग फडक्याला लागतो की नाही ते लगेच कळतं. मीठ-तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. आम्ही त्यावर विसंबत नाही. पाणी निर्मळ निघेपर्यंत धुवावं, आणि तरीही रंग सुटत राहिला तर ते कापड बाळाच्या गोधडीत घालू नये.

थर अंथरायला स्वच्छ पुसलेली, कोरडी फरशी लागते. पलंगावर किंवा सतरंजीवर थर नीट बसत नाहीत, कारण खालचं मऊ असेल तर कापड ताणलं गेलंय की सैल पडलंय ते हाताला कळत नाही. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरायचा, चारी कोपऱ्यांवर पाट किंवा जाड पुस्तकं ठेवायची आणि तळहाताने मधून कडेकडे सारवत न्यायचं. त्यावर मधले थर. जोडलेल्या थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. पहिल्या थराचा जोड मधोमध असेल तर दुसऱ्याचा वीतभर बाजूला हवा, म्हणून त्या थरातल्या एका तुकड्याच्या बाहेरच्या कडेची वीतभर पट्टी कापून ती थराच्या दुसऱ्या टोकाला जोडावी. सांधे एकाच ओळीत आले तर तिथे सुई जात नाही आणि निजणाऱ्याच्या पाठीला उंचवटा लागतो. शेवटी वरचा थर.

आता कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरून ठेवणारे आणि शेवटी काढून टाकायचे टाके. याच कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि गोधडी बिघडते ती याच टप्प्यावर. वेगळ्या रंगाचा दोरा घेऊन, दोन-अडीच इंचांचे मोठे टाके घालत, मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना आणि चारी कोपऱ्यांकडे जायचं. नंतर मधल्या जागा वीतभर अंतराच्या ओळींनी भरायच्या. मधूनच सुरू करायचं, कारण सुई कापडाला पुढे ढकलत नेते. कडेपासून आत शिवलं तर सगळा सैलपणा मध्यावर गोळा होतो आणि तिथे फुगा येतो. परंपरेने गोधडी कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनीच शिवतात, आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना असंच कडेपासून मध्याकडे जातात. त्यांचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, प्रत्येक फेरीला त्या कापड सपाट करत जातात. नवख्या हाताने कच्च्या टाक्यांशिवाय फेऱ्यांची गोधडी करायला घेऊ नये. सरळ ओळींनी शिवावं.

मुख्य शिवणीला साधा धावदोरा. दोरा जाड, सुती. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरं, पण तो जुन्या मऊ कापडाला कापतो आणि दोन-तीन वर्षांत टाक्यांच्या जागी भोकं पडतात. कापडाआधी दोरा तुटलेला बरा, तो पुन्हा घालता येतो. सुई दोन इंचांची, जाड दोरा जाईल एवढ्या नाकाची. दाभण वापरू नये, त्याची भोकं बुजत नाहीत. दोरा एका वेळी हातभरच घ्यावा. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण प्रत्येक टाक्याला तो सुईच्या नाकातून घासतो, शेवटी पिसारतो आणि गाठी पडतात. दोऱ्यावरून एकदा मेण ओढून घेतलं की हा त्रास निम्मा होतो.

सुई उभी घालून टोक खालच्या हाताच्या बोटाला लागलं की लगेच वर वळवायची. सगळे थर लागल्याची खूण तीच. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरायचे आणि मग ओढायचं. मधल्या बोटात अंगुस्तान घालावं, नाहीतर काही तासांतच बोट सोलवटतं. बाळाच्या गोधडीला इंचात चार टाके, म्हणजे टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा टाका बाळाच्या पायाच्या बोटात अडकतो, आणि कधी बोटाभोवती आवळला जातो, हे फार गांभीर्याने घ्यावं. मोठ्या माणसाच्या गोधडीला इंचात तीन टाके पुरतात.

ओळींमधलं अंतर बाळासाठी अर्धा इंच, मोठ्यांसाठी एक इंच ठेवतो. यापेक्षा जवळ ओळी घेतल्या तर गोधडी फळीसारखी ताठ होते, लांब घेतल्या तर धुताना थर एकमेकांवर सरकतात. दोऱ्याचा हिशेब यावरूनच निघतो. ३८ × ३६ इंचांच्या गोधडीत अर्ध्या इंचावर ७२ ओळी बसतात, म्हणजे साधारण ७० मीटरची शिवण. थरांमधून वर-खाली जाण्यात आणि टोकांना आणखी पाव भाग लागतो, म्हणून ९० मीटर दोरा एकाच रंगाचा आधी आणून ठेवावा. मोठ्या गोधडीला एक इंचाच्या ओळींनी सुमारे १४० मीटर.

गाठ कधीही वर किंवा खाली दिसू नये. सुरुवातीला सुई वरच्या थराखालून घालून दोरा हलका झटका देत ओढला की गाठ आत शिरते. शेवटी एका जागी दोन उलटे टाके घ्यायचे आणि उरलेला दोरा थरांच्या मधून दोन इंच नेऊन कापायचा. ओळ संपली की त्या ओळीवरून तळहात फिरवावा. चुणी हाताला लागली तर तिथेच दोरा सुईच्या टोकाने थोडा सैल करायचा. दहा ओळी झाल्यावर ते करता येत नाही, उसवावं लागतं.

मशीनवर शिवायचं झालं तर १६ नंबरची सुई, मोठा टाका आणि वरच्या दाबाचा स्क्रू ढिला. मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला अडवतो, म्हणून खालच्या बाजूला चुण्या येतात. कच्चे टाके दुप्पट जवळ घालावेत आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवाव्यात. संख्या जास्त लागते तेव्हा मशीन बरं, पण चार थरांपेक्षा जास्त त्यावर घेऊ नये.

कडेला गोट, म्हणजे दुमडून बसवलेली पट्टी, हवाच, कारण गोधडी आधी कडेला फाटते. यासाठी साडीचा जुना फॉल फार कामाचा आहे. तो पावणेतीन ते तीन मीटर लांब आणि सुमारे पाच इंच रुंद असतो. जमिनीला घासलेली कड कापून टाकून उभा मधोमध चिरला की साडेपाच मीटरची पट्टी मिळते. बाळाच्या गोधडीचा घेर पावणेचार मीटर भरतो, म्हणजे एक फॉल पुरून उरतो. फॉल सुतीच आहे ना ते बघावं. पट्टी आधी सुलट बाजूला पाव इंचावर शिवायची, मागे वळवून दुमडायची आणि बारीक टाक्यांनी बसवायची. कोपऱ्यात पट्टी ओढू नये. तिथे घडी घालून वळवली नाही तर कोपरा गोल होतो.

दानाच्या गोधडीचं माप आणि जाडी ती कोणाला द्यायची यावर ठरते. वृद्धाश्रमात खूप जाड गोधडी देऊ नये. चार थरांची मोठी गोधडी पाऊण किलो ते किलोभर भरते, ती अंथरुणातल्या म्हाताऱ्या माणसाला एका हाताने सरकवता येते. सहा-सात थरांची तशी सरकत नाही. ज्यांचं अंथरूण ओलं होतं त्यांच्यासाठी तीन थरांचीच करावी, रोज धुवून वाळली पाहिजे. कोपऱ्यात पांढऱ्या फितीचा तुकडा शिवून ठेवावा, म्हणजे धोबी-खूण किंवा नाव लिहायला जागा राहते.

ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून निघतात आणि चार-पाच महिने उसाच्या फडाजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहतात. पाणी लांबून आणावं लागतं, वाळत घालायला जागा कमी, आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी उघड्या रानातली. तिथे एका जाड गोधडीऐवजी तीन थरांच्या दोन गोधड्या द्याव्यात. एक खाली, एक वर, आणि धुतलेली एक दुपारच्या उन्हात वाळते. रंग गर्द, गोट दुहेरी शिवणीचा. या गोधड्या गाड्या निघायच्या आधी पोचल्या पाहिजेत. कुटुंबं एकदा निघाली की कुठल्या फडावर आहेत ते शोधणं अवघड.

वसतिगृहातल्या मुलांसाठी सगळ्या गोधड्या एका मापाच्या आणि एका जाडीच्या कराव्यात. एखादी जास्त सुंदर झाली की भांडण ठरलेलं. मात्र प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा त्रिकोणी तुकडा शिवावा. मुलं आपली गोधडी त्यावरून ओळखतात आणि ती माझी म्हणून घडी घालून ठेवतात. दवाखान्याच्या नवजात कक्षाला काही द्यायचं असेल तर आधी विचारावं. अनेक ठिकाणी वापरलेलं कापड घेत नाहीत, आणि जे घेतात तिथे उकळत्या पाण्यात धुण्याजोगं फिक्या रंगाचं सूतच लागतं.

बाळाच्या गोधडीबरोबर आम्ही विणलेलं टोपरं देतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर असतो, टोपरं ताणलं जातं म्हणून ते ३० सेंटीमीटरचं विणावं. १० नंबरच्या सुया आणि बारीक बेबी वूल घेतलं तर ८६ टाके. दोन सुलट-दोन उलट अशी तीन सेंटीमीटर पट्टी, मग साध्या विणीने एकूण ११ सेंटीमीटर होईपर्यंत. नंतर दोन्ही कडांचा एकेक टाका सोडून मधल्या ८४ टाक्यांचे सात-सातचे १२ गट धरायचे. पाच सुलट, दोन एकत्र, असं ओळभर. उलट बाजूची ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत चार सुलट, दोन एकत्र. असं कमी करत मध्ये १२ टाके उरले की कडेच्या दोन टाक्यांसह सगळ्यांतून लोकर ओवून आवळायचं आणि मागची शिवण घालायची. सुरुवातीचे टाके घट्ट घातले तर कपाळावर वळ उठतो, म्हणून ते दोन सुया एकत्र धरून घालावेत. गोंडा, मणी, बटण, नाडी यातलं काहीही लावू नये.

गोधडी हातावेगळी करण्याआधी कच्चे टाके काढून तिच्यावरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवावं. शिवायला बसताना सुया आणि टाचण्या मोजून घ्यायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या, आणि तरीही चुंबक फिरवायचंच. मग कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुऊन दोन्ही बाजूंना कडक ऊन द्यायचं. दमट गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर आठवडाभरात बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. उरलेल्या साडीची पिशवी शिवून त्यात द्यावी.

सोबत एक चिठ्ठी असते. परदेशातल्या लेकीकडे गोधडी जाणार असेल तर ती जास्तच सविस्तर लिहितो: मशीनमध्ये थंड पाण्यात, नाजूक कपड्यांच्या फेरीवर धुवावी, गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नये. वर्षाच्या आतलं बाळ एकटं झोपलं असताना त्याच्या अंगावर घालू नये, पाळण्यात सैल ठेवू नये. बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला आणि मांडीवर घ्यायला ती आहे. चिठ्ठीच्या मागे कच्च्या टाक्यांनी दोन हात दोरा टाचून ठेवतो, त्याच रंगाचा. एखादी ओळ उसवली तर ती लगेच भरून घ्यावी. वरचा थर विरला तर गोधडी उसवायची नाही, त्यावर धुतलेल्या साडीचा नवा थर पसरून जुन्या ओळींच्या मधून शिवायचं.